दोन हिसके

पहिला परस

विहीर परसानं मोजतात. परस म्हणजे दोन्ही हात डोक्यावर ताणून उभा राहिलेला माणूस. वस्तीमागची ती विहीर सात परस. खालच्याच्या तळहातांवर वरच्याचे पाय, असे सात जण एकावर एक उभे केले की सगळ्यात वरच्याची बोटं काठाला लागतात.

धाकटी लग्न होऊन विहिरी खणणाऱ्यांच्या या घरात आली, तेव्हा नवऱ्यानं हसत हात वर करून दाखवले होते. ‘हा बघ एक परस. मी.’ आता त्याला जाऊन तीन वर्षं झाली. विहीर म्हटली की तिला सात जण दिसत नसत. सगळ्यात खालचा तेवढा दिसायचा. हात वर करून उभा.

त्याला वर काढल्या दिवसापासून विहिरीवर फळ्या होत्या, फळ्यांवर दगड होता. आणि दोन वर्षं पाऊस धड नव्हता. वस्तीच्या पंपाला दम्याचा आजार जडला होता. वीस वेळा दांडा मारला की एकदा खोकायचा, तोंडभर लाल पाणी टाकायचा.

रविवारी प्रार्थनाघरात उपासना झाल्यावर मंडळीतली माणसं घरी आली. पुढं शिंपी. मंडळीत बोलायचं काम त्याचं, कारण दिवसभर तोंडात दोरा धरून बसल्यामुळं त्याचं बोलणं साठलेलं असायचं. मोठ्या जावेनं पाणी विचारलं, तर सगळे एकदम ‘नको, नको’ म्हणाले. पाहुण्यानं पाणी नाकारायचे दिवस आले होते.

‘बाबा,’ शिंपी म्हणाला, ‘ती विहीर उघडा. अजून अर्धा परस खाली गेलं तर पाणी आहे म्हणतात.’

‘कोण म्हणतं?’ सासऱ्यानं विचारलं.

शिंप्यानं जमिनीकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तीन वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं, ते शेवटी मोठी जाऊच बोलली, चुलीकडं तोंड करून.

‘भावजींना वर काढलं तेव्हा त्यांचे पाय ओले होते. घोट्यापर्यंत.’

दुसरा परस

म्हातारा लगेच हो म्हणाला नाही. हो किंवा नाही म्हणणारा तो कोण? ‘उद्या सकाळी विचारतो,’ म्हणाला.

त्याचं विचारणं साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. पहाटे तोंड धुवायचं, पवित्र शास्त्र मांडीवर घ्यायचं, डोळे गच्च मिटायचे, प्रार्थना करायची, पुस्तक उघडायचं आणि बोट टेकवायचं. बोटाखाली येईल ते वचन. पोरांची लग्नं बोटानं ठरली, कुठं खणायचं ते बोटानं ठरलं. लोक त्याला मागं ‘बोटबाबा’ म्हणत, पुढं म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकदा शेळी ठेवावी की विकावी असा प्रश्न होता आणि बोट पडलं नेमकं लांबलचक वंशावळीवर. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. म्हातारा म्हणाला, ‘शेळी गाभण आहे.’ घरात सगळ्यांनी तोंडात पदर कोंबले. आणि शेळी खरंच व्याली, तीन पिल्लं. त्यानंतर घरात बोटाला हसायची सोय राहिली नाही.

या घरात आणखी एक रीत होती, ती मात्र बाकीच्या विहीरवाल्यांकडं नव्हती. बाकीचे बंद विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडत. खाली जड हवा साचलेली असते. तिला वास नाही, रंग नाही, पण तिच्यात माणूस गुदमरतो. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. पण म्हातारा म्हणे, वचन मिळाल्यावर पुन्हा कंदील सोडायचा, म्हणजे देव एकदा बोलला तरी त्याला ‘खरं का?’ म्हणून विचारायचं. पोटच्या पोराला असं विचारलं तर त्याला राग येतो. देवाला येणार नाही?

म्हणून कंदील खुंटीवर असायचा. घासूनपुसून. लख्ख.

तिसरा परस

उद्या बोट काय म्हणेल ते म्हणो, दोर वळून ठेवायला हवा होता. थोरला दीर रहाटाच्या कण्याला तेल घालत बसला. दोघी जावा अंगणात दोर वळत होत्या. एकीनं पीळ द्यायचा, दुसरीनं ताणून धरायचं. तळहाताला काथ्या चावत होता.

खणणाऱ्याला खाली सोडतो तो जाड दोर रहाटावर. रहाट दोघं फिरवतात. आणि त्याच्या मनगटाला दुसरी एक बारीक दोरी बांधलेली असते, तिचं वरचं टोक एकानं हातात धरायचं. त्याला इशारा धरणं म्हणतात. खालून एक हिसका आला तर ओरडायचं, ‘सोडा.’ दोन आले तर, ‘ओढा.’ इशारा नेहमी घरातल्या बाईनं धरायचा, कारण बाईचा हात हलका, त्याला कळतं. नवरा जाईपर्यंत पाच वर्षं इशारा धाकटीच धरत होती.

‘थांबलीस का?’ जाऊ म्हणाली.

‘काही नाही.’

काही नाही कसं? दोर ताणला होता आणि धाकटीच्या तळहातात दोन हिसके बसले होते. एक. आणि लगेच दुसरा, पहिल्यापेक्षा अशक्त. दोराचं दुसरं टोक जावेच्या हातात होतं आणि जाऊ तर नाक पुसत होती.

हे नवं नव्हतं. पंपाचा दांडा ओढताना, ओल्या लुगड्याचा पिळा धरताना, एकदा तर उपासनेत शेजारणीचा हात हातात घेऊन प्रार्थना करताना. दोन. शेजारणीनं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं होतं, म्हणजे तिचाच हात हलला असणार. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

‘एक बोलू?’ जाऊ म्हणाली. आवाज दोरासारखाच पिळलेला. ‘तुझा गेला. उद्या माझा उतरेल. आणि आपण दोघी काय करतोय, तर दोर वळतोय. शाणी माणसं.’

‘नको म्हणा ना दादांना.’

‘मी नको म्हणू? बोटाला?’ जाऊ हसली. ‘आणि पाणी कुठून आणू, तुझ्या डोळ्यांतून? तीन वर्षांत थेंब नाही आला त्यांतून. ती पण विहीर आटलेलीच.’

बोलून गेली आणि मग तिनंच पीळ सोडला, उठून आली, धाकटीचा हात पालथा करून तळव्यातली काथ्याची कुसळं काढत बसली.

चौथा परस

सकाळी बोट पडलं.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले, चष्मा लावला, वाचलं. दऱ्याखोऱ्यांत झरे फुटतील, कोरड्या भूमीत पाणी उभं राहील, अशा अर्थाचं. वाचताना त्याचा आवाज फाटला.

‘तेच,’ थोरला पुटपुटला. ‘त्या दिवशीचं. तेच वचन.’

‘तेच,’ म्हातारा म्हणाला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यानं पुसलं नाही. ‘तीन वर्षं मी विचारत होतो, माझा मुलगा का नेलास? आज सांगतोय. सोडलेलं काम पुरं करा म्हणतोय. हजारो पानांत तेच पान. अजून काय पाहिजे?’

कुणाला काही नको होतं. उद्या सकाळी उतरायचं ठरलं. थोरला उठला, बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला, दोन्ही हात आपोआप काखेत दाबून, थंडी वाजल्यासारखा. बाहेर ऊन रणरणत होतं.

धाकटीला विचारलं नाही. इशारा धरणाऱ्या बाईला कधी विचारत नाहीत. दोरीला विचारतात का?

शास्त्र जागेवर ठेवायचं काम मात्र तिचं. तिनं ते उचललं, धूळ पुसायला म्हणून बांधणीच्या कण्यावर उभं केलं आणि फडकं घ्यायला हात काढला.

पुस्तक आपोआप उघडलं.

झऱ्यांचं पान. कडेला जुन्या मातीचा अंगठा उमटलेला, ओळीखाली बोटाच्या घामाचा पिवळा डाग. तिनं मिटलं. पुन्हा उभं केलं, हात काढला. पुन्हा तेच पान. तिसऱ्यांदा तिनं हात काढलाच नाही. तिला आनंद झाला नाही, चोर सापडला असं वाटलं नाही. मागून कुणी नाव घेऊन हाक मारावी, वळून पाहावं, तर कुणी नाही, तसं झालं.

पाचवा परस

मंडळीचे पाळक प्रार्थनाघराच्या दारात मोडक्या बाकाला खिळे ठोकत बसले होते. दोन खिळे ओठांत.

तिनं पदराखालून शास्त्र काढलं, बाकावर कण्यावर उभं केलं आणि हात काढला. मिटलं. उभं केलं. हात काढला.

‘अस्सं,’ पाळक खिळ्यांमधून म्हणाले.

‘म्हणजे बाबा लबाडी करतात?’

‘छे. म्हातारा डोळे गच्च मिटतो, मी पाहिलंय. त्याला स्वतःला ठाऊक नसेल. विहीर खणणारा माणूस, पाण्याच्या वचनावर आयुष्यभर जात राहिला. पन्नास वेळा गेला की ते पानच त्याची वाट बघायला लागतं.’

‘मग यातून देव बोलत नाही?’

‘बोलतो. नाहीतर मी इथं खिळे कशाला ठोकले असते? पण पुस्तकाची शिवण बोलली आणि आपण देव बोलला म्हटलं, तर त्याचा काय दोष?’

ती उंबऱ्यावर बसली. ‘कंदील सोडला तर अविश्वास होतो का?’

‘जुन्या काळी एका माणसानं देवाला म्हटलं, रात्रभर लोकर अंगणात ठेवतो, लोकर ओली आणि जमीन कोरडी झाली तर तू बोललास असं समजेन. तसं झालं. तरी त्याचा जीव भरेना. म्हणाला, रागावू नको, आता उलटं करून दाखव. देव रागावला नाही. दुसऱ्या दिवशी उलटं करून दाखवलं.’ पाळकांनी एक खिळा ठोकला, वाकडा गेला, उपटला. ‘तुमच्या कंदिलानं त्याला काय होणार आहे?’

‘मग माणसाला कळायचं कसं, तो काय म्हणतोय ते?’

‘मला विचारतेस? इथं यावं की नाही, सात महिने मला कळत नव्हतं. रोज विचारायचो. आवाज नाही, स्वप्न नाही. शेवटी ज्यांना भोगावं लागणार त्यांना विचारलं, बायकोला, पोरीला. रस्ता पाहिला, छप्पर पाहिलं. आणि भीत भीत निघालो. तो सोबत होता हे इथं पोचल्यावर कळलं. तेही हळूहळू. काही दिवशी अजूनही कळत नाही.’ ते थांबले. ‘उद्या इशारा कोण धरणार?’

‘मी.’

‘तुला कुणी विचारलं का?’

ती हसायला गेली आणि ते भलतंच काहीतरी बाहेर आलं. पाळकांनी ओठांतला उरलेला खिळा काढून हातात घेतला.

‘दोन होते,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी. चार दिवस आभाळ दाटलेलं, काम बंद होतं. मग वचन मिळालं. ते उतरले. सहा परसांच्या खाली गेले आणि दोन हिसके आले. मला कळले. मी बाबांना म्हटलं, दोन. बाबा म्हणाले, एकच होता, पाणी लागलंय, तो वाकून बघतोय, सोडा म्हण. मी...’

बाक, हातोडी, खिळे. बाहेर पंप खोकत होता.

‘मी ओरडले, सोडा.’

पाळकांनी तिला ‘तुझी चूक नाही’ असं म्हटलं नाही. डोळे मिटले, ओठ हलले, काय मागितलं ते तिला ऐकू आलं नाही.

‘मला सांगितलंस, बरं झालं,’ मग ते म्हणाले. ‘पण ज्याला सांगायला हवं, तो तुझ्या घरात बसलाय.’

सहावा परस

दगड हलवला, फळ्या काढल्या. आतून गारवा आला, आणि बंद पेटीचा वास. अर्धी वस्ती जमली होती, घागरी घेऊनच. जणू आत्ता भरून न्यायच्या होत्या.

म्हाताऱ्यानं प्रार्थना केली. थोरल्यानं कमरेला दोर बांधला, मनगट पुढं केलं. इशाऱ्याची दोरी घेऊन धाकटी उभी होती. तिनं ती मनगटाला बांधली नाही. पदराआडून कंदील काढला आणि त्याच्या कडीला बांधली.

‘हे काय?’ म्हातारा म्हणाला.

‘आधी हा उतरेल, बाबा. मग दादा.’

‘वचन मिळालंय.’

‘मिळालं असेल. मग कंदील विझणार नाही.’

शिंपी हसला आणि कुणीच हसत नाही हे पाहून खोकला. ‘सूनबाई, दोरी धरायचं काम दोरी धरायचं. उपदेशाला पाळक आहेत.’

‘मग तुम्ही उतरा, शिंपीदादा. मी बिनकंदिलाचा इशारा धरते.’

शिंप्याच्या तोंडात दोरा आल्यासारखं झालं. म्हातारा मात्र तिच्याकडं वळला. ‘साऱ्या वस्तीसमोर देवाची परीक्षा बघतेस? माझ्या घरातली?’ आणि थोरल्याला, ‘राहू दे तो कंदील. उतर.’

थोरला कंदिलाकडं बघत होता. मग भावजयीकडं. मग बायकोकडं. जावेनं पुढं येऊन काडी ओढली आणि कंदील पेटवला.

धाकटीनं दोरी सोडायला सुरुवात केली. एक परस. भिंतीवर पिवळा उजेड गोल फिरत होता. दोन. कुदळीच्या जुन्या खुणा दिसल्या. तीन, चार. उजेड मुठीएवढा झाला. पाच. ज्योत लाल पडली, बसली, काळजीनं माणूस बसतो तशी. आणि सहाव्या परसाला ती

सहावा परस, पुन्हा

‘वारा,’ म्हातारा म्हणाला. ‘वाऱ्यानं विझला. आण वर. परत पेटव.’

परत पेटवला. परत सहाव्यालाच. विझला म्हणावं असंही काही दिसलं नाही. खाली कुणीतरी दोन बोटांत धरल्यासारखा गेला. घागरीवाल्या बायका मागं सरकल्या.

‘दे इकडं!’ म्हाताऱ्यानं पुढं होऊन दोरीला हात घातला. एका दोरीवर दोघांच्या मुठी आल्या. तिची वर, त्याची खाली. तो ओढत होता, ती सोडत नव्हती. खाली अंधारात, कुणाच्याही मनगटाला न बांधलेली ती दोरी, टोकाला नुसता विझलेला कंदील.

हिसका बसला.

मग दुसरा. पहिल्यापेक्षा अशक्त.

कडीला कपार लागली असेल. दोघांच्या ओढाताणीत दोरी हेलकावली असेल. धाकटीनं श्वास रोखला, कारण हे तर रोजचंच होतं, तिच्या एकटीचं. पण म्हाताऱ्याची मूठ उघडी पडली होती. तो स्वतःच्या तळहाताकडं बघत होता.

‘दोन,’ तो म्हणाला.

‘काय दोन?’ शिंप्यानं विचारलं.

म्हाताऱ्याला शिंपी दिसत नव्हता. ‘त्या दिवशी पण दोनच होते. मी तुझा हात बघत होतो, पोरी. दोनदा खाली गेला.’

‘मग एक का म्हणालात?’

तो विहिरीच्या काठावर बसला. ‘वचन मिळालं होतं ना,’ म्हणाला, लहान मुलानं सांगावं तसं. ‘देव खाली जा म्हणतोय. मग हा वर ओढा कसा म्हणेल? मला वाटलं, हाच ऐकत नाहीये.’

थोरल्यानं कमरेचा दोर सोडला. गाठ लवकर सुटेना. जाऊ खाली बसून दातांनी गाठ सोडवू लागली, तिचे खांदे हलत होते. धाकटीनं कंदील वर ओढला. सहा परस, हातावर हात. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं. नाही आलं. म्हाताऱ्याशेजारी ती बसली, मध्ये कंदील ठेवून, आणि म्हणाली,

‘दोन आहेत हे मलाही माहीत होतं, बाबा. ओरडले मीच.’

सातवा परस

मग कामाचे दिवस आले. हिरव्या फांद्यांची मोठी जुडी बांधायची, विहिरीत सोडायची, ओढायची, सोडायची, ओढायची. अशानं खालची हवा ढवळते, वर येते. आळीपाळीनं सगळी वस्ती ओढत होती. शिंप्याच्या हाताला फोड आले, ते तो प्रत्येकाला दाखवत हिंडला. रोज संध्याकाळी कंदील. पहिल्या दिवशी सहा परस. दुसऱ्या दिवशी सहा परस आणि हातभर. तिसऱ्या दिवशी सातव्याला पोचला, मिणमिणला, गेला.

या दिवसांत म्हाताऱ्यानं शास्त्र उघडलं, पण बोट ठेवलं नाही. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. हळू वाचायचा, वंशावळीसकट. प्रार्थना पूर्वीसारखी मोठ्यानं करत नव्हता. एकदा धाकटीनं दारातून ऐकलं, तो म्हणत होता, ‘बापा, मला ऐकू येत नाही. मला ऐकू येत नाही एवढं तरी मला ऐकू येऊ दे.’ ती पाय न वाजवता मागं फिरली.

चौथ्या सकाळी कंदील तळाला टेकला आणि दोरी सैल पडली. सगळे वाकले. खाली एक पिवळा ठिपका, आणि त्याच्याखाली आणखी एक, उलटा, हलणारा. वर आणला तेव्हा ज्योत सरळ होती. जावेनं कंदिलाच्या बुडावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ते ओलं बोट तिनं धाकटीच्या कपाळाला लावलं.

‘काय करायचं?’ थोरल्यानं विचारलं.

सवयीनं सगळ्यांनी म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं धाकटीकडं. ‘इशारा तिचा आहे. तिला विचारा.’

तिनं डोळे मिटले. आत काही उजळलं नाही, कुणी बोललं नाही. होतं ते एवढंच: कंदील जळत होता, दीर उतरायला राजी होता, जाऊ रहाटाचा दांडा धरून उभी होती, आणि तिची भीती, ती तशीच. भीतीला कुणी ‘जा’ म्हटलं नाही. पण भीतीच्या शेजारी येऊन कुणीतरी बसलं असावं, असं क्षणभर वाटलं. मग तेही नक्की सांगता येईना.

‘दादा, तुम्हाला काय वाटतं?’

‘कंदील जगला तर मी जगेन.’

‘जाऊबाई?’

‘त्यांना गरगरलं आणि तू एक म्हणालीस, तर तुला पण आत टाकीन,’ जाऊ म्हणाली. ‘उतरू दे.’

तिनं दोरी थोरल्याच्या मनगटाला बांधली. रहाट कुरकुरला. कंदील त्याच्या पायाखाली, त्याच्या आधी उतरत होता. एक परस, दोन. म्हातारा काठावर गुडघे टेकून बसला होता, हात जोडलेले, डोळे उघडे. खालच्या उजेडावरून त्यानं नजर काढली नाही. तीन. चार. पाच. सहाव्याला थोरला थांबला. सगळं थांबलं.

दोरीवर एक हिसका आला.

तिनं वाट पाहिली. तळहातात दुसरा वळवळत होता, तिचा तो जुना, अशक्त. तिनं मूठ घट्ट केली, मग ढिली केली, मग खाली वाकून विचारलं, ‘दादा, एकच ना?’ या घरात असं ओरडून आजवर कुणी विचारलं नव्हतं. देवाला नाही, माणसालाही नाही.

खालून आवाज आला. सहा परस चढून येताना तो थोरल्याचा राहिला नव्हता, धाकट्याचा झाला होता, हसण्यासकट. ‘एकच गं. अजून एक परस, की पाय ओले.’

खाली कंदील जळत होता. तिनं ओठ ओले केले. हा शब्द तीन वर्षांत तिनं कशालाच वापरला नव्हता. शेळीच्या दोरालाही नाही, कोंबड्यांनाही नाही.

‘सोडा,’ ती म्हणाली.